फलंदाजीचा उठावना

निवड समितीतल्या महाशयांनो, देवासच्या वैभवी फणसेचा साखरपुडा तुम्ही अडवून धरला आहे. नाही म्हणू नका. तुम्हाला ती मुलगी ठाऊक नाही, देवास ठाऊक नाही, मान्य. पण फलंदाज कशाला म्हणतात हेही तुम्हाला ठाऊक नाही, तरी निवडताच ना? मग ही जबाबदारीही घ्या. हकीगत ऐका.

वैभवीचे वडील भैयासाहेब फणसे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. क्रिकेट सोडलं तर माणूस शांत. रविवारी तुमचा संघ घरच्या मैदानावर, तिसऱ्याच दिवशी, चहाच्या आधी आटोपला, तेव्हा त्यांनी आदळआपट केली नाही. चष्मा पुसला आणि म्हणाले, "आमच्या ह्या एवढ्याशा गावात एका वेळी दोन राजे होते. घराण्याच्या थोरल्या पातीचा एक, धाकट्या पातीचा एक. दोघांनी राज्य चालवून दाखवलं. ह्यांना सहाव्या नंबरावर एक माणूस धड उभा करता येत नाही."

"चहा ठेवू?" सावित्रीबाई म्हणाल्या. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी असे बरेच पराभव चहावर निभावून नेले होते.

"नको. आज असं लिहितो की निवड समितीला तोंड लपवायला जागा उरणार नाही."

आता, आमच्या माळव्यात माणूस गेला की तिसऱ्या दिवशी उठावना असतो. पांढरी चादर घालायची, लोकांनी तासभर यायचं, गप्प बसायचं, हात जोडून उठायचं. इथल्या मराठी घरांनीही तो केव्हाच आपला केला. भैयासाहेबांनी उठावन्याचा निरोप लिहिला, तोही आजोबांच्या वळणाच्या मराठीत:

"कळविण्यास अत्यंत दुःख होते की आमची फलंदाजी, वय वर्षे त्र्याण्णव, दीर्घ आजाराने आज घरीच निवर्तली. मधली फळी आधीच गेली होती. निवड समितीने अखेरपर्यंत तेच तेच औषध चालू ठेवले. उठावना मंगळवारी, चार ते पाच. शोकाकुल, फणसे परिवार."

खाली घरचा पत्ता. निरोप समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि लोक हसतील म्हणून वाट पाहत बसले.

चार मिनिटांत पहिलं उत्तर आलं. ॐ शांति. मग जोडलेले हात. मग ओळीनं बेचाळीस जणांचे जोडलेले हात.

भैयासाहेबांची चूक एवढीच, की उठावन्याचा निरोप कोणी वाचत नसतं. वय बघतात, वेळ बघतात, खालचं नाव बघतात. त्यातून ग्रुपवरची निम्मी मंडळी हिंदी शाळेत शिकलेली. 'निवर्तली'पर्यंत पोचायला त्यांना वाटेत एकदा थांबावं लागतं.

संध्याकाळी वैभवी खोलीतून फोन हातात घेऊन आली. "आबा, हे काय डालून दिलं तुम्ही? माझ्या ऑफिसवाले पूछ रहे हैं, दादी थीं क्या?"

भैयासाहेबांनी खुलासा टाकला: कोणीही गेलेले नाही, हा विनोद होता.

पहिलं उत्तर आलं, "धीर धरा, भैयासाहेब. सुरुवातीला असंच वाटतं."

मंगळवारी साडेतीनला शेजारचे रघुजी तंबूवाल्याकडून पन्नास खुर्च्या घेऊन हजर.

"रघुजी, अरे, कोणी गेलं नाही."

"पता है भिया. ऐसे लोग जाते थोड़े ही हैं. कुर्सियाँ आँगन में लगवाऊँ?"

चार वाजता अंगणात साठ माणसं होती, पांढऱ्या कपड्यांत, मान खाली घालून. भैयासाहेब उभे राहिले. "मंडळी, नेमकं काय झालं ते सांगतो."

"राहू द्या," पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "बोलून त्रास होईल." दोघांनी त्यांना धरून बसवलं.

तेवढ्यात दारात धारची गाडी थांबली. गाडीतून उतरल्या मालन आत्यासाहेब. वैभवीचा होणारा नवरा राजवीर, त्याच्या ह्या आत्या. ह्यांच्या होकाराशिवाय त्या घरात सुपारी फुटत नाही. साखरपुडा गुरुवारी, धारला. पुढच्या बुधवारी राजवीरचं मस्कतचं विमान, दोन वर्षांसाठी. आणि आत्यासाहेब पांढऱ्या साडीत.

भैयासाहेब धावले. "आत्यासाहेब, पाया पडतो, घरात कोणी गेलेलं नाही. गुरुवार मोडू नका."

"मजकूर मी वाचलाय, भैयासाहेब. सगळा. दोनदा."

भैयासाहेबांचा जीव भांड्यात पडला. "मग कोण गेलं ते कळलंच असेल आपल्याला."

"कळलं म्हणूनच आले. तीन दिवस तिला पडताना बघत होते मी. रविवारचं ताट तसंच झाकून ठेवलं."

"अहो, तो विनोद होता."

"दुसऱ्या डावात सात जण प्रत्येकी दहाच्या आत गेले. त्यात विनोद कुठला?"

महाशयांनो, ह्यावर तुमच्याकडे तरी उत्तर आहे का?

सावित्रीबाई पुढे झाल्या. "पण आत्यासाहेब, गुरुवारचं काय?"

"सुतकात साखरपुडा?"

"आत्यासाहेब, ये तो क्रिकेट है," वैभवी म्हणाली.

"म्हणूनच तर म्हणते, बाळ. लांबची मावशी असती तर आंघोळीवर भागवलं असतं." आत्यासाहेब खुर्चीवर बसल्या. "उठावना तुम्ही घातलात. शोकाकुल म्हणून नाव तुमचं. साठ माणसं येऊन बसली. आता ती गेली नाही असं तुमचं म्हणणं असेल, तर पुरावा द्या. पेन्शनीसाठी दर वर्षी हयातीचा दाखला देता ना? तसा तिचा आणा. एक कसोटी जिंकून दाखवा. त्याच संध्याकाळी सुपारी फोडू."

"बात तो सही है, भिया," रघुजी म्हणाले, आणि साठ माणसांनी माना हलवल्या. बरोबर पाच वाजता सगळे हात जोडून उठले.

तर महाशयांनो, दुसरा सामना शुक्रवारी सुरू होतोय. पाचवा दिवस मंगळवारी संपेल. बुधवारी विमान. धारच्या हलवायाला 'थांबा' म्हणून कळवलंय, तो किती थांबेल सांगता येत नाही. वैभवी वडिलांशी एकच विषय बोलते. जन्मात कधी सामना न पाहिलेली ती पोरगी आता विचारते, खेळपट्टीवर गवत किती आहे. आणि तुम्ही संघ अजून जाहीर केलेला नाही.

भैयासाहेबांचं चुकलं. ते स्वतःच तसं म्हणतात, दिवसातून दोनदा, सावित्रीबाईंसमोर उभं राहून. पण त्यांनी मेल्याचं लिहिलं फक्त. मारलं कोणी?

ते जाऊ द्या. मंगळवार संध्याकाळपर्यंत तो दाखला देवासला पोचवणार आहात की नाही? हो किंवा नाही, एवढंच लिहा.