गणपुल्यांच्या फाटकापुढचा थांबा

श्यामसुंदर गणपुले देवपूजा आटोपून ओसरीवर आले, तेव्हा त्यांच्या फाटकापुढे दोन माणसे खड्डा बुजवीत होती. खड्ड्यात लोखंडी खांब उभा राहिला होता आणि त्याच्या माथ्यावर लाल पाटी होती. पाटीवर बसचा क्रमांक लिहिण्यापुरती जागा राखली होती. क्रमांक मात्र नव्हता. श्यामसुंदरांनी हात जोडले. तो नमस्कार खांबाला नव्हता. ज्या व्यवस्थेने खांब इथवर आणला, तिला होता.

त्या व्यवस्थेशी त्यांचा जुना परिचय होता. शासकीय मुद्रणालयात मुद्रिते तपासण्यात त्यांचे आयुष्य गेले होते आणि विधिमंडळातील प्रश्नोत्तरांच्या याद्या त्यांच्या नजरेखालून जात. सदस्य विचारीत, 'हे खरे आहे काय?' शासन उत्तर देई, 'हे खरे आहे,' 'हे खरे नाही,' किंवा 'हे अंशतः खरे आहे.' जगातील यच्चयावत व्यवहारांविषयी इतक्या अल्पाक्षरांत इतका निःसंदिग्ध निर्णय त्यांना उपनिषदांखेरीज अन्यत्र आढळला नव्हता. छापलेल्या उत्तरावर त्यांनी कधी शंका घेतली नाही. शंका घेणे हे त्यांचे काम नव्हते; काना-मात्रा पाहणे एवढेच होते.

निवृत्तीनंतर त्यांनी दहिसर नदीच्या अलीकडे बैठे घर बांधले. हवा उत्तम, शेजार सज्जन, परंतु हमरस्ता दूर. मधल्या कच्च्या वाटेने रिक्षावाले येत नसत. अशातच त्यांच्या पत्नी मृणालिनीबाईंचा उजवा गुडघा धरला. आठवड्यातून दोनदा विजेचा शेक घेतला नाही, तर हा गुडघा कायमचा आखडेल, असे रुग्णालयातील डॉक्टरांनी बजावले. शेकाचे यंत्र रुग्णालयात, रुग्णालय हमरस्त्यापलीकडे आणि तिथवर पायी जाणे हाच काय तो मार्ग. जाताना दुखतो म्हणून शेक घ्यायचा आणि येताना चालून तो पुन्हा दुखवायचा, या क्रमात आपण डॉक्टरांपेक्षा रस्त्याचेच औषध अधिक घेतो, असे बाई म्हणत.

म्हणून श्यामसुंदरांनी प्रश्न तयार केला. आमदारांचा साहाय्यक दत्ताराम याने तो वाचला आणि असा तयार प्रश्न आपल्याला उभ्या हयातीत कुणी दिला नाही, असे सांगून तो पुढे पाठविला. 'सदर वसाहतीत बसथांबा नाही, हे खरे आहे काय. असल्यास, थांबा उभारण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' पावसाळी अधिवेशनात उत्तर आले की थांबा उभारण्यात येत आहे. आणि आज तो उभा राहिला होता.

मृणालिनीबाई हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी खांब वरपासून खालपर्यंत पाहिला.

"बस कुठाय?"

"अगं, आधाराशिवाय आधेय राहत नाही. थांबाच नसेल, तर बस थांबणार कुठे? म्हणून आधी थांबा मागितला."

"म्हणजे तुपाआधी वाटी. ठीक आहे. पण वाटी चाटून माझा गुडघा वाकायचा नाही."

श्यामसुंदरांनी या वाक्याची नोंद घेतली नाही. कारण तेवढ्यात थांब्यावर पहिला प्रवासी येऊन उभा राहिला होता.

हा धोंडू. पलीकडच्या चाळीत राहणारा, मूळचा कुडाळकडचा, संपात गिरणी गेली तेव्हापासून रिकामा. पाठीला उसण भरली होती आणि त्याला रुग्णालयात जायचे होते. अजून बस सुरू झालेली नाही, हे श्यामसुंदरांनी त्याला समजावून सांगितले. धोंडूने खांबाकडे बोट केले.

"खांब इलो, तर बस काय घरात ऱ्हवतली? येतली ती. मी उभो ऱ्हवतंय."

श्रद्धा संसर्गजन्य असते. दुपारपर्यंत धोंडूमागे चार माणसे उभी राहिली. जिथे खांब आणि त्यापुढे माणसे उभी, तिथे बस येतच असणार, असे अनुमान वाटेने जाणारा प्रत्येक जण करू लागला, आणि स्वतः उभा राहून पुढच्याच्या अनुमानाला बळकटी देऊ लागला. ज्यांना धड चालता येते, ते थोडा वेळ वाट पाहून हमरस्त्याकडे निघून जात. ज्यांना चालवत नसे, ते राहत. त्यामुळे काही दिवसांतच त्या रांगेत केवळ आजारी माणसे उरली.

उन्हात तिष्ठणाऱ्या माणसाला पाणी न देणे हे गणपुल्यांच्या घरात बसणारे नव्हते. प्रथम पाण्याचा माठ बाहेर गेला. मग एका गरोदर बाईला घेरी आली, म्हणून बाक गेले. कुणाची टाच फुटलेली, तिला मृणालिनीबाईंनी कोकमाचे तेल लावले. कुणाला काच लागलेली, तिथे आयोडीन लावून पट्टी बांधली. तापाची गोळी दिली. लेकराच्या पोटाला हिंग लावला. बाईंचे वडील वैद्य होते आणि हाताला त्यांची शिस्त होती. धोंडू रांग राखू लागला. पाठ कधीच बरी झाली होती. परंतु रांगेत पहिला असल्यामुळे त्याला हलता येत नव्हते.

या सगळ्यात एक गोष्ट घडत राहिली, तिच्याकडे कुणाचे लक्ष गेले नाही. शेकाच्या दिवशी मृणालिनीबाई पिशवी घेऊन निघत, आणि फाटकाशी कुणीतरी रक्ताळलेला अंगठा पुढे करी. अंगठा बांधून होईतो रुग्णालयाची खिडकी बंद झालेली असे. पाटावर बसून जेवणे त्यांनी सोडले. पुढे त्या बाहेरच्या बाकावर बसून जेवू लागल्या, पाय सरळ लांब करून.

श्यामसुंदरांनी दुसरा प्रश्न रचला. थांबा उभारूनही बस सुरू झालेली नाही, हे खरे आहे काय. रुग्णांना तेथे तासन्‌तास तिष्ठावे लागते, हे खरे आहे काय. असल्यास, रुग्णांच्या सोयीसाठी कोणती उपाययोजना केली आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? बसविषयीचा भाग एका खात्याकडे गेला, रुग्णांविषयीचा दुसऱ्याकडे. आणि नागपूरच्या अधिवेशनापूर्वी आरोग्य विभागाचे एक अधिकारी प्रत्यक्ष पाहणीस आले.

बस नसल्यामुळे तेही हमरस्त्यापासून चालत आले होते. थांब्याशी पोहोचताच त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. धोंडूने त्यांना रांगेच्या शेवटी उभे करण्याचा प्रयत्न केला. परंतु मृणालिनीबाईंनी नियम बाजूला ठेवून त्यांना बाकावर निजविले, मीठ-साखरेचे पाणी पाजले आणि कपाळावर ओली घडी ठेवली. सावध झाल्यावर त्यांनी माठ पाहिला, बाक पाहिले, पट्ट्यांचा डबा पाहिला, शिस्तीत उभी असलेली रांग पाहिली. इतकी चांगली व्यवस्था आपण अन्यत्र पाहिली नाही, असे ते सद्गदित होऊन म्हणाले. श्यामसुंदर त्यांना सोडायला अर्ध्या वाटेपर्यंत गेले.

उत्तराची प्रत दत्तारामने स्वतः आणून दिली. श्यामसुंदरांनी चष्मा पुसला आणि ओसरीवर उभे राहून मोठ्याने वाचले. बस सुरू झालेली नाही, हे खरे होते. रुग्णांना तिष्ठावे लागते, हे मात्र खरे नव्हते. 'सदर थांब्यालगत आरोग्य केंद्र कार्यरत असून तेथे आसन, पेयजल व प्रथमोपचार यांची समाधानकारक व्यवस्था आहे. सबब, विलंबाचा प्रश्न उद्भवत नाही.'

त्यांचा आवाज शेवटच्या वाक्याशी बारीक झाला. आयुष्यात प्रथमच एखादे उत्तर ज्या जागेविषयी होते, त्या जागेवर उभे राहून ते वाचत होते.

"हे केंद्र कुठले?" त्यांनी विचारले.

"हेच की, काका," दत्ताराम बाकावर ऐसपैस बसत म्हणाला. "आमदारसाहेब एकदम खूश आहेत. मतदारसंघात आरोग्य केंद्र, तेही सरकारचा एक पैसा न जाता. झकास काम केलंत."

"पण ही आमची ओसरी आहे. मी उद्याच बाक आत घेतो."

"असलं काही करू नका हां. सभागृहात सांगितलंय ना आता. केंद्र बंद झालं तर उत्तर खोटं पडेल. हक्कभंग येईल, त्या बिचाऱ्या अधिकाऱ्याची वाट लागेल, नि चौकशी येईल ती तुमच्याच दारात, केंद्र कुणी बंद केलं म्हणून."

"अहो, पण केंद्र मुळात नाहीच."

"नाही कसं? छापलंय."

हा युक्तिवाद श्यामसुंदरांच्या ओळखीचा होता. तो त्यांचाच होता. दत्ताराम चहा पिऊन गेला. मृणालिनीबाई इतका वेळ बाकावर पाय लांब करून बसल्या होत्या. त्यांनी गुडघा दोन्ही हातांनी धरून दुमडण्याचा प्रयत्न केला, आणि अर्ध्यावर थांबल्या.

"अहो, एक विचारू? एवढ्या सगळ्या उत्तरात माझा हा पाय कुठं बसतो?"

त्यांच्या स्वरात राग नव्हता. राग असता, तर श्यामसुंदरांना तो सोसता आला असता. त्यांनी जवळ जाऊन पायाला हात लावला. गुडघा लाकडासारखा झाला होता. इतके दिवस आपण खांबाकडे पाहत होतो, हे त्यांच्या ध्यानात आले.

त्या संध्याकाळी त्यांनी तिसरा प्रश्न लिहिला. त्यात आधार नव्हता, आधेय नव्हते, उपप्रश्नांची उतरंड नव्हती. बस केव्हा सुरू होणार, एवढेच त्यात होते. दत्तारामला तो प्रश्न फार उघडावाघडा वाटला. पण त्याने तो नेला.

अर्थसंकल्पी अधिवेशनात उत्तर आले. 'बस सुरू करण्यात येत आहे,' हे पहिले वाक्य वाचताच श्यामसुंदर यादी हातात घेऊन स्वयंपाकघरात धावले. त्याखाली आणखी एक वाक्य होते. उभ्या आयुष्यात त्यांनी वाचायचे सोडलेले वाक्य ते एवढेच.

ठरल्या दिवशी धोंडूने खांबाला झेंडूची माळ घातली. मृणालिनीबाई ठेवणीतले इंदुरी लुगडे नेसल्या. पाय अजून थोडा वाकत होता. आणखी महिनाभर गेला असता तर तेवढाही वाकला नसता, असे वैद्याच्या त्या लेकीचे मत होते. रांगेतील सर्वांनी त्यांना एकमताने पहिला क्रमांक दिला होता. धुळीचा लोट दिसला, मग लाल बस दिसली. धोंडूने नारळ फोडला. बस थांबली आणि कुणी चढण्यापूर्वीच माणसे उतरू लागली.

एक म्हातारा सुजलेला पाय सांभाळीत उतरला. कान धरून रडणाऱ्या मुलीला घेऊन तिची आई उतरली. मागोमाग खोकणारे, कण्हणारे, डोक्याला फडकी बांधलेले लोक उतरले आणि गणपुल्यांच्या फाटकापुढे निमूट रांग लावून उभे राहिले.

"आरोग्य केंद्र, शेवटचा थांबा," कंडक्टर म्हणाला.

श्यामसुंदरांनी खिशातली यादी काढली आणि राहिलेले वाक्य वाचले. 'चेकनाका परिसरातील रुग्णांना सदर आरोग्य केंद्राचा लाभ घेणे सुलभ व्हावे, यास्तव ही सेवा आहे.' त्यांनी यादीची घडी घातली. पत्नीकडे पाहण्याचे धैर्य त्यांना झाले नाही.

मृणालिनीबाईंनी नव्या रांगेकडे पाहिले, जुन्या रांगेकडे पाहिले. मग कंडक्टरला विचारले की बस परत कोणत्या वाटेने जाते. रुग्णालयावरून जाते, तो म्हणाला, पण तिकडे न्यायला माणसे मिळायची नाहीत. जाताना रिकामीच जाणार.

"चढा सगळे परत," बाई म्हणाल्या.

"आनि काकी, केंद्राचा काय?" धोंडूने विचारले.

"केंद्र तुमच्याबरोबर येतंय. मला जरा हात दे रे, ही पायरी उंच आहे."

रुग्णालयाच्या खिडकीशी त्या सर्वांत पुढे होत्या. खिडकीतल्या कारकुनाने नाव विचारले, पत्ता विचारला, आणि पत्ता ऐकून लेखणी खाली ठेवली. नवी सूचना आली होती. ज्या वसाहतीत आरोग्य केंद्र आहे, तेथील रुग्णाने प्रथम केंद्रात दाखवावे. केंद्रप्रमुखाची चिठ्ठी असल्याशिवाय रुग्णालयाने त्याला घेऊ नये. श्यामसुंदर पुढे झाले. ते केंद्र म्हणजे वस्तुतः काय आहे, हे ते सांगणार होते. परंतु मृणालिनीबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"एक कोरा कागद मिळेल का?" त्यांनी कारकुनाला विचारले.

बाकावर बसून, पाय लांब करून, त्यांनी प्रथम सुजलेल्या पायाची चिठ्ठी लिहिली. मग कानाची, मग खोकल्यांच्या. प्रत्येकीखाली सही केली. श्यामसुंदर कागद फाडून देत होते आणि हे कितपत नियमाला धरून आहे, असे हलक्या आवाजात विचारीत होते. शासनाला विचारा, असे बाईंनी त्यांना सांगितले. सर्वांत शेवटी त्यांनी स्वतःच्या गुडघ्याची चिठ्ठी लिहिली आणि तिच्याखालीही तशीच सही केली.

कारकुनाने चिठ्ठ्यांवर एकामागून एक शिक्के मारले. शेवटची चिठ्ठी त्याने उजेडात धरली, डोळे बारीक करून पाहिली आणि शिक्का मारून परत दिली.

"शेकाची खोली डावीकडे. आणि आजी, तुमच्या केंद्रप्रमुखांना सांगा, अक्षर जरा नीट काढत जा म्हणावं. सही लागत नाही."

"सांगते," मृणालिनीबाई म्हणाल्या, "पण बाई मोठी हट्टी आहे. ऐकेलसं वाटत नाही."

आणि नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून त्या डावीकडे वळल्या.