नामदेवकाकांचं बोलकं पोट

आमचे नामदेवकाका घास चावत नाहीत, गिळतात. मग डोळे मिटून पोटावर हात ठेवतात आणि दोन मिनिटांनी निकाल देतात, "पोट हो म्हणून राहिलं."

मरोद्याच्या कामगार वसाहतीत त्यांचं दार आमच्या दाराला लागून. काका पोलादाच्या प्लांटमध्ये माल तपासायचे; रिटायर झाले, पण तपासणीची खोड काही गेली नाही. गेल्या वर्षी मोठ्या तापातून उठले आणि पेपरात वाचलं, की चव ओळखणाऱ्या पेशी आतड्यातही असतात. झालं! "जीभ म्हंजे गेटवरचा गार्ड गा. माल तपासते ते अंदरच्या स्टोरात!"

ती बातमी मीही वाचली होती. आतडं चव ओळखतं, पण आपल्याला कळवत नाही, असं पुढे लिहिलं होतं. तसं सांगितलं, तर म्हणाले, "तुह्यं नसन सांगत. माह्यं बोलते."

आमच्या हिच्या भाजीवर त्यांचं पोट पंधरा मिनिटं गप्प बसलं. तेव्हापासून ती त्यांच्याकडे वाटी पाठवत नाही.

यंदा महालक्ष्म्यांना काकूंनी आम्हाला जेवायला बोलावलं. नैवेद्याआधी काही चाखायचं नाही, त्यामुळे खिरीत साखरेऐवजी मीठ पडलेलं कुणालाच कळलं नाही. पहिल्याच घोटाला आमची तोंडं वाकडी झाली. काकांनी मात्र वाटी संपवली. "वा! आज साखर बराबर पडली!"

पंगत खो खो हसली. काकूंनी खीर चाखली आणि लालबुंद झाल्या. "कावून जी, माह्यी मजाक करून राहिले का?"

"हो ना," काका घाईघाईनं म्हणाले, "तुह्यं तोंड पाहाचं होतं."

हात धुताना नळापाशी त्यांनी मला हळूच विचारलं, "खारट होती का?"

मी मान हलवली.

"तापापासून मले कायचीच चव लागत नाही. तिले नको सांगू, बाप्पा. इतके वर्षं माह्यं तोंड पाहूनच तिचं पोट भरते." मग जरा थांबून म्हणाले, "पुरणपोळी कशी होती?"

"छान होती, काका. जायफळाची."

"इलायची नाही ना?"

"नाही."

"सणाले नाहीच टाकत तुही काकू," काका खूश झाले.

मग मी सांगत गेलो, पोळीचे काठ खरपूस होते, पुरण मऊ होतं, तूप घरचं होतं. काका ओले हात तसेच धरून ऐकत होते.

"आन् कढी?" त्यांनी विचारलं.