मैनाबाईनें पहाडाची उसवण ओळखिली त्याची हकिगत

श्रीगजवदन प्रसन्न, कुलस्वामिनी प्रसन्न. श्रोते हो, सरा ऐसे जवळ, मांडी घाला. पहाडाचे पोटीं गेले ते जिवंत कैसे परतले, ती गोष्ट कान देऊन ऐका.

शके सोळाशें पन्नास, कीलक नाम संवत्सरीं, माघ शुद्ध पंचमीस महाराजांनीं आज्ञा केली कीं, नदी पहाडापलीकडे, नगर अलीकडे, प्रजा तहानेली; सबब भुयार पाडोन पाणी आणावें. मग कारभारी हैबतराव यांणीं तीनशें पाथरवट लाविले. आघाडीस येसू पाथरवट. आणि त्याची बायको मैनाबाई तोंडाशीं बसोन निघाला दगड निवडी. माहेरीं जात्यांस टाकी लावून हात तयार, आणि सांजेस भुयाराचे तोंडाशीं कीर्तन उभें राहिलें कीं झांज तिची. हरिनामाची गोडी मोठी!

आणि चौं महिन्यांनीं आंतून पांढरे लखलखीत दगड निघों लागले. पाथरवटांचा रिवाज ऐसा कीं चमकता दगड देवीचा. मग शेंदूर माखोन भुयाराचे तोंडीं मांडिले आणि नारळ फोडिले. हैबतराव बोलिले, "पहाडास जुनी भेग होती, ती या पांढऱ्या खड्यानें भरोन सांधली. आतां चिरेबंदी कमान चढवा." सर्वांस संतोष जाहला.

मग देवीचे स्नानाचा दिवस आला. मैनाबाईनें देवीसंगें ते दगडही धुतले, शेंदूर उतरला, आणि पाहते तों दगडांतली पांढरी रेघ मोडलेली, मोडींत दुसरी भरलेली, तीही मोडलेली, आणि शेवटली मोड कोरी, तींत पांढऱ्याचा कण नाहीं. बाजू घासोन गुळगुळीत, तीवर एकाच दिशेचे ओरखडे, जैसे जात्याचे तळीस पडतात. ती तैसीच हैबतरावांपाशीं गेली.

"रावसाहेब, पहाड सांधला खरा, पण पुन्हा पुन्हा उसवला. शेवटली उसवण अजून शिवली नाहीं. बाजूस जात्याचे तळीसारखे ओरखडे आहेत; हा हलतो आहे."

"जातीं निराळीं, पहाड निराळा. शेंदूर पुसलास, आधीं देवीची क्षमा माग."

"देवी कोपली तर मजवर कोपेल. पहाड कोपला तर आंत माझा धनी आहे, आणि तुमचे तीनशें."

येसू मागून बोलिला, "हिला भाकर करपली दिसत नाहीं, दगडाची रेघ दिसते!"

"तुम्ही गप बसा, तुमच्याचसाठीं भांडतें आहें. रावसाहेब, भेगेवर चुन्याची पट्टी ओढा आणि दम धरा; पहाड हलला तर ती मोडेल."

"पट्टी मोडली तर माझें पागोटें तुझें," ऐसें हैबतराव हांसोन बोलिले.

आणि दों महिन्यांनीं पट्टी मधोमध मोडोन जवभर सरकली. मग त्या भल्या पुरुषानें खरेंच पागोटें उतरोन पुढें ठेविलें. ती बोलिली, "हें नको. तेथें भुयार दुप्पट रुंद करा." महाराजांनीं मान्य केलें, त्या जागीं कमान न बांधितां रुंद दालन खोदिलें, आणि पाण्याचे नळ जखडिले नाहींत, सांध्यांस कातडें देऊन मोकळे ठेविले.

पाणी नगरांत आलें. पुढें तिसरे वर्षीं येसू आणि अकरा जण गाळ काढावयास आंत असतां धरणीकंप जाहला. पहाड त्याच भेगेशीं बोटभर सरकला, नळ वांकले, फुटले नाहींत. दालन रुंद, म्हणोन वाट बुजली नाहीं. परंतु धुरळ्यांत दिवे विझले. तेव्हां मैनाबाईनें तोंडाशीं उभी राहोन झांज धरिली, आणि त्या नादामागें अकरा जण आले. बारावा येईना. तरी तिची झांज थांबली नाहीं. मग येसू खोकत आला आणि बोलिला, "पुरे कर, बहिरा होईन."

ऐसें वर्तमान जाहलें. देवीनें दाखविलें, बाईनें पाहिलें, कारभाऱ्यानें मानिलें, म्हणोन बारा संसार राहिले. नगरांत पाण्याचा घोट घ्याल तेव्हां मैनाबाई पाथरविणीची आठवण ठेवावी, हेंच मागणें.