साळवे काकांचं मातकट आभाळ

आमचे शेजारी साळवे काका मला रोज शाळा सुटल्यावर आभाळाचा रंग विचारायचे. खरं आभाळ नव्हे, कॉम्प्युटरमधलं. मी घरी येऊन चपला काढायच्या आत त्यांची हाक यायची, "बाई, पंचाला या!"

पंच म्हणजे मी. समोर कॉम्प्युटर, त्यात विमान उडवायचा एक जुना गेम आणि शेजारी काका वही उघडून बसलेले. दिसेल ते मी सांगायचं, काकांनी लिहून घ्यायचं आणि खाली मी सही करायची. ही नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. कोल्हारच्या हायस्कुलात मी मराठी शिकवायचे आणि कॉम्प्युटरला लांबूनच नमस्कार करायचे.

गेम काकांच्या मुलाच्या कॉलेजच्या दिवसांतला. मुलगा आता पुण्याला असतो. त्याची सहा वर्षांची मिनू दिवाळीला येणार होती आणि "आजोबा, आपण विमान उडवायचं हं," असं तिनं फोनवर बजावून ठेवलं होतं. जुना कॉम्प्युटर बंद पडला म्हणून काकांनी नगरहून नवा आणला. त्यात गेम सुरू झाला तो पोस्टकार्डाएवढा, पडद्याच्या मधोमध. आभाळ गुलाबी आणि शेतं जांभळी.

दुकानदारानं फोनवर चार-पाच उपाय सांगितले. जुना गेम मोजक्याच रंगांत चालतो, तेव्हा पडद्याचे रंग कमी करा, मग ठिपके कमी करा, असं काहीबाही. दुसऱ्या कुणी ते अर्ध्या तासात उरकलं असतं. पण काकांनी तीस वर्षं कालव्यावर पाटकरी म्हणून काढलेली. एक दार उचललं की शेवटच्या शेताला पाणी पोचेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही, ही त्यांची शिस्त.

"एका दिवसाला एकच बदल, बाई. दोन दारं एकदम उचलली, तर कुठलं पानी कुठं गेलं ते कसं कळनार?"

सोमवारी चित्र मोठं झालं, पण विमानाचं शेपूट पडद्याबाहेर गेलं. मंगळवारी सगळा पडदाच काळा झाला. काकांनी बदल मागे घेतला, पण मागे घेणं हाही एक बदल धरला, म्हणून बुधवार त्यात गेला. गुरुवारी शेपूट आलं, आभाळ मात्र गुलाबीच. मी घरच्या टीव्हीच्या सवयीनं पडद्याच्या डब्यावर एक थाप मारली, तर काका दचकून म्हणाले, "आता हा आजचा दुसरा बदल झाला की वं बाई!"

शुक्रवारी आभाळ चक्क निळं! शेतं हिरवीगार. "झालं काका!" मी टाळी वाजवली.

काकांनी पडद्याला जवळजवळ नाक लावलं. "कुठं निळं? मातकट हाय."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण त्यांनी गंभीरपणे लिहिलं, 'पंच म्हणतात निळं. मला दिसतं मातकट.' मी सही केली.

दुकानदाराचे उपाय संपले, तरी काका थांबेनात. एक दिवस टेबल खिडकीपासून हलवलं, एक दिवस बल्ब बदलला. रोज मी निळं म्हणायचे, रोज ते मातकट म्हणायचे. आठव्या दिवशी मलाच शंका यायला लागली. वर्गात मुलींच्या वह्यांतली निळी शाई मी दोनदा उजेडात धरून पाहिली. शेवटी सुट्टीच्या दिवशी एसटी पकडून नगर गाठलं आणि स्वतःचे डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहेत.

संध्याकाळी मी विजयी मुद्रेनं काकांना हे सांगितलं. ते हसले नाहीत.

"म्हंजी आभाळ निळंच हाय."

"निळंच. पहिल्या शुक्रवारपासून."

त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. "उन्हाळ्यात मिनू आल्ती. नवा निळा फ्रॉक घालून म्होरं हुभी ऱ्हायली. मी म्हनलं, मळका फ्रॉक कशापायी घातला गं? पोरगी लई रडली." मग वही मिटत म्हणाले, "हे यंत्रच बिघडल्यालं निघावं, एवढंच रोज वाटायचं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्टाफरूममध्ये मी या माणसाच्या नकला करून सगळ्यांना हसवत होते.

"मोतीबिंदू असेल, काका. आपण नगरला जाऊ. मी येते बरोबर."

"पोराला सांगू नका. मला उचलून पुन्याला निऊन ठिवील."

डॉक्टरांनी मोतीबिंदूच सांगितला, पण ऑपरेशनची तारीख दिवाळीनंतरची दिली. परतताना कोल्हारला एसटीतून उतरत काका म्हणाले, "बाई, एक करा. मिनू आली की तुमी आधी दारात या. अन् फ्रॉकचा रंग मोठ्यांदी बोला."

मिनू आली तेव्हा मी फाटकातूनच ओरडले, "अगंबाई, आकाशी फ्रॉक!"

काका खाली वाकले. फ्रॉकची झालर हातात घेऊन अगदी डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाले, "व्हय की, आकाशीच! लई छान दिसतोय." मग बराच वेळ त्यांनी तोंड वर केलं नाही.