आकडे स्वच्छ हवेत

शहरातल्या संशोधक मॅडमचा निरोप राखणदाराने मोबाइलवर बोट ठेवून, अक्षराला अक्षर जोडत स्वतः वाचला. 'काका, या हंगामाचे आकडे स्वच्छ हवेत. नाहीतर मनोरा उतरवतील.'

मक्याच्या शेतातल्या त्या लोखंडी मनोऱ्याच्या टोकाला एक यंत्र होतं. शेतावरचा वारा कसे भोवरे घेतो, पीक किती कर्बवायू ओढतं नि किती सोडतं, हे ते क्षणाक्षणाला टिपायचं. मनोरा उतरला की राखणदाराची पायथ्याची खोलीही जाणार. मग नवराबायकोने मुलाकडे तिसऱ्या मजल्यावर राहायचं. तिथे पंखा लावायचा तरी सूनबाईंना विचारावं लागे.

त्याने मान वर केली. यंत्राला सहा वाकडे आकडे होते, सहाही धुळीने माखलेले.

"बघ," तो बायकोला म्हणाला, "मॅडमना तिकडे बसून दिसलं. मला इथे राहून दिसलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो शिडी चढला. चष्म्यावर मारतात तशी एकेका आकड्यावर तोंडाची वाफ मारायची आणि फडक्याने लख्ख पुसायचं.

"जन्मात कधी माझं एक भांडं असं पुसलं नाहीत," खाली शिडी धरून बायको म्हणाली.

आठवड्याने मॅडमचा फोन आला. आवाज पार खचलेला. "काका, रोज सकाळी सातला शेत उसासा टाकल्यासारखा कर्बवायू सोडतंय. आकडे आणखी खराब झालेत."

"आणखी?" राखणदाराचं तोंड उतरलं. "बघतो मी, मॅडम."

तेव्हापासून तो दुपारी बाराला आणि संध्याकाळी पाचलाही चढू लागला. शेत दिवसातून तीनदा उसासे टाकू लागलं. मातीत काही बिघडलं असेल म्हणून मॅडमच्या वरिष्ठांनी माणसं पाठवली. त्यांनी आठ खड्डे खणले. त्यातल्या पाचव्यात बायकोचा पाय मुरगळला. आता शिडी कोण धरणार? राखणदाराने स्वतःला दोरीने मनोऱ्याला बांधून घेतलं. दोरी सोडता-बांधता अर्धा तास जायचा, आणि तेवढा वेळ तो यंत्रापाशीच धापा टाकायचा.

एके दिवशी मॅडम न कळवता आल्या, त्या नेमक्या बाराला.

"काका, काय चाललंय हे?"

"आकडे स्वच्छ करतोय. तुम्हीच सांगितलं होतंत."

मॅडम बांधावर मटकन बसल्या. "अहो, आकडे म्हणजे संख्या हो. आणि तो कर्बवायू तुमच्या तोंडचा."

राखणदार दोरीतच लटकत राहिला. मनातल्या मनात त्याने भांडी बांधायला घेतली होती. मॅडमनी वरिष्ठांना फोन लावला, नुसतं 'हो सर, हो सर' केलं आणि ठेवला.

"मग कधी उतरवणार मनोरा?"

"उतरवता येत नाही. आता आकड्यांत शेत किती आणि तुम्ही किती, ते वेगळं काढायचंय. पुढचा अख्खा हंगाम तुम्ही रोज तीनदा वर जाऊन असाच श्वास सोडायचा. एक दिवससुद्धा चुकवायचा नाही."

खोली वाचली. त्याने शिडीकडे पाहिलं, आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडून एक लांबलचक उसासा निघाला.

मॅडमनी घड्याळ बघून वही उघडली.

"हा धरू नका, मॅडम," तो ओशाळून म्हणाला. "हा खासगी होता."