पाव फेरा सैल

यंत्र झाकलेलं असतं तोवर ते मालकाचं असतं आणि उघडून ठेवलं की गावाचं होतं. हा नियम कुठेही लिहिलेला नाही, त्यामुळे तो काटेकोरपणे पाळला जातो. सेलूत तर त्याचं पालन इतक्या निष्ठेने होतं की, घरासमोर उघडलेला पंखा, पंप किंवा शिलाई मशीन दिसल्यावर नुसतं बघून पुढे जाणारा पुरुष सुमंगलाबाईंनी पन्नास वर्षांत पाहिला नव्हता. (एक पाहिला होता. तो जालन्याचा होता आणि त्याची गाडी सुटत होती.)

म्हणून अबोलीने आपली मोटरसायकल ओसरीसमोर उभी करून तिच्या बाजूची झाकणं काढली, तेव्हा पुढे काय होणार हे सुमंगलाबाईंना ठाऊक होतं. त्या उठल्या आणि चहाचं आधण ठेवून आल्या.

अबोली ही त्यांच्या धाकट्या दिराची, गोविंदरावांची मुलगी. वय चोवीस, नोकरी शाळेत गणित शिकवण्याची आणि छंद ढेकळांतून मोटरसायकल उडवण्याचा. ही गाडी तिने स्वतःच्या पगारातून जुनी घेतली होती. मूळची ती एका विमा प्रतिनिधीची होती आणि तशीच वागत असे, म्हणजे सावकाश आणि न थांबता. अबोलीने तिचा मडगार्ड उंच केला, दातेरी टायर घातले, रुंद तोंडाचा सायलेन्सर आणि मोकळा श्वास घेणारा फिल्टर बसवला. आता गाडी रानातली दिसू लागली. फक्त ती पळेना.

दोष एकच होता. त्याला पुस्तकात काहीही म्हणोत, परभणी जिल्ह्यात त्याला 'पिकअप नाही' असं म्हणतात. मूठ पिळल्याबरोबर गाडीने उसळायला हवं. ही गाडी मूठ पिळल्यावर आधी अर्ज स्वीकारी, मग त्यावर विचार करी, मग 'भॉक' असा शेरा मारून बंद पडे. एका रविवारी मानवतजवळच्या शर्यतीत झेंडा पडला तेव्हा तेरा गाड्या पुढे गेल्या आणि चौदावी विचार करत राहिली.

गोविंदराव हे निवृत्त हेडक्लार्क. त्यांनी त्याच संध्याकाळी जेवताना निर्णय जाहीर केला.

"पंधरा दिवसांनी पुन्हा शर्यत हाय, ती शेवटची संधी. पुन्हा बंद पडली तर गाडी महारुद्रला द्यायची. तो तिचं कोळपं करायलाय."

कोळपं म्हणजे पिकाच्या दोन ओळींमधलं तण काढायचं अवजार. जुन्या मोटरसायकलचं मागचं चाक काढून तिथे पाती जोडली की बैलाविना कोळपणी होते. महारुद्र हे गोविंदरावांचे शाळेतले दोस्त, मानवतकडचे शेतकरी. त्यांनी गाडीची लांबी सुतळीने मोजून नेली होती आणि पातीही आणून ठेवली होती.

"पोरी, वाईट वाटून घेऊ नको," गोविंदरावांशेजारी जेवायला बसलेले महारुद्र अबोलीला म्हणाले. "माझ्या रानात बी ढेकळंच हायेत. तिला सवय हाय."

अबोलीने ताट सारलं आणि ओसरीसमोर जाऊन गाडीची झाकणं काढली. नियम लागू झाला तो इथे.

कार्बोरेटर ही पेट्रोल आणि हवा यांची भेट घडवून आणणारी मुठीएवढी पेटी आहे. तिच्यात बरंच काही असतं, पण बाहेरून दिसणारी वस्तू एकच: हवेचा एक छोटा पितळी स्क्रू. तो कोणत्याही स्क्रूड्रायव्हरने फिरतो, त्याला पाना लागत नाही, शिक्षण लागत नाही आणि तो फिरवताना माणूस वाकून, एक डोळा बारीक करून इंजिनाचा आवाज ऐकतो, त्यामुळे तो अतिशय हुशार दिसतो. मानवजातीने बनवलेल्या उपकरणांत इतका लोकाभिमुख भाग दुसरा नाही.

अबोलीने भिंतीवर खडूने रेघा ओढायला सुरुवात केली. गणिताच्या शिक्षिकेला दुःखही मोजूनच होतं. अकरा दिवसांतली आकडेवारी अशी: स्क्रू फिरवणारे एकूण एकसष्ट. पाव फेरा घट्ट करणारे एकोणीस. पाव फेरा सैल करणारे अडतीस ('मोकळं सोडलं की पळतं' हा विचार आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे). उरलेल्या चौघांनी तो आधी घट्ट केला, मग सैल केला आणि होता तिथेच आणून ठेवला. सर्वांत समाधानी हेच चौघे दिसले. एकसष्टांत एक होमिओपॅथीचे डॉक्टर होते, दोन बँकेतले होते आणि एक अबोलीला बघायला आलेल्या स्थळाचे मामा. मामांनी मुलीला एकही प्रश्न विचारला नाही. स्क्रू पाव फेरा सैल केला, पोहे खाल्ले आणि 'कळवतो' म्हणाले. महारुद्रांनी तीन वेळा फिरवला. (त्यांचा या प्रकरणात हितसंबंध होता हे खरं, पण फिरवताना त्यांचा चेहरा अगदी निःस्वार्थ होता.)

गोविंदरावांनी या सगळ्याला शिस्त लावली. सकाळी आठ ते दहा, संध्याकाळी पाच ते सात. सुमंगलाबाईंनी एकदा तोंड उघडून पाहिलं.

"भावजी, त्या स्क्रूचा दोष नसंल."

"वैनी, हे इंजिनाचं काम हाय," गोविंदराव प्रेमाने म्हणाले. "तुमी फक्त चहात अद्रक घाला."

सुमंगलाबाईंनी अद्रक घातलं.

गुरुवारी दुपारी पूर्णेला कुणाच्या तरी साखरपुड्यासाठी सगळे पुरुष रेल्वेने गेले. गल्लीत असा सन्नाटा सुमंगलाबाईंनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. अबोली गाडीशेजारी पायरीवर बसली होती, गुडघ्यांत डोकं घालून.

"मोठीआई, मी काय कोळप्यासाठी गाडी घेतली का गं?"

"रडायचं नंतर. आधी तिचा तो प्लग काढून दाखव."

अबोलीने प्लग काढला. त्याचं टोक चुना लावल्यासारखं पांढरं होतं. सुमंगलाबाईंनी तो चष्म्याजवळ धरला आणि त्यांना एकदम सत्तर सालचं स्वयंपाकघर आठवलं, त्या नव्या सून म्हणून आल्या होत्या ते. पंप मारायचा पितळी स्टोव्ह, रॉकेलचा वास आणि सासूबाईंची नजर. ज्योत पिवळी झाली, पातेल्याला काजळी धरली, तर वारा कमी पडतोय. ज्योत निळी, फुरफुरती, तर सगळं ठीक. आणि ज्योत उडायला लागली, भकभक करून विझायला लागली, तर वारा जास्त आणि तेल कमी. बर्नरच्या भोकात कचरा अडकलाय. पंधरा वर्षं रोज तीन वेळा स्टोव्हबरोबर त्यांनी ती विद्याही पेटवली होती. मग गॅस आला आणि त्या विद्येला कुणी विचारलं नाही.

"हिला वारा लय झालाय," त्या म्हणाल्या. "तू फिल्टर मोकळा केलास, सायलेन्सर रुंद केलास. श्वास वाढवला, घास तेवढाच ठेवलास. आणि त्यातलाही अर्धा घास कुठंतरी अडकलाय. पेटी काढ ती. वर्तमानपत्रावर ठेव."

दोघींनी स्वयंपाकघरात कार्बोरेटर उघडला. आत बारीक भोकाचा जेट होता; त्यातूनच सुरुवातीचं पेट्रोल यायचं. त्या भोकात जुन्या पेट्रोलचा तपकिरी राळ बसली होती. अबोलीने पिन उचलली.

"अंहं! पिन न्हाई. पिनेने भोक मोठं होतं. माझे दोन बर्नर असेच गेलेत. वाटीत पेट्रोल घे, भिजू दे, मग सायकलच्या पंपाने वारा मार."

जेट भिजेस्तोवर सुमंगलाबाईंनी शेवग्याच्या शेंगा मोडल्या. मग अबोलीने वारा मारला, जेट उजेडात धरला, तर पलीकडे सुईच्या टोकाएवढं आभाळ दिसलं. नंतर तिने आतल्या सुईची चाप एक खाच खाली सरकवली, म्हणजे सुई वर उचलली जाऊन मूठ पिळताच जास्त पेट्रोल यावं. शेवटी तो प्रसिद्ध पितळी स्क्रू पूर्ण घट्ट करून दीड फेरा सोडला. पुस्तकात तेवढंच लिहिलं होतं आणि अकरा दिवसांत तेवढंच कुणी केलं नव्हतं.

किक मारली. मूठ पिळली. गाडीने विचार केला नाही. ओसरीतल्या चिमण्या उडाल्या.

अबोली हसली आणि लगेच तिचा चेहरा पडला. "संध्याकाळी बाबा येतील. पुन्हा पाव फेरा सुरू."

सुमंगलाबाईंना एक जुनी गोष्ट आठवली. घरात पूर्वी एक रेडिओ होता. सातच्या बातम्या लागल्या की येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याचं बटण फिरवी, त्यामुळे बातम्या कुणालाच ऐकू येत नसत. (गोविंदराव तेव्हा सहा वर्षांचे, ते स्टुलावर चढून फिरवीत.) एक दिवस मामंजींनी, आबासाहेबांनी, स्टेशनचं बटण काढून स्वतःच्या खिशात ठेवलं आणि डावीकडच्या बटणाची तार आतून कापून ते मात्र जागेवर राहू दिलं. पुढची नऊ वर्षं सगळे ते फिरवत राहिले आणि 'आता कसं स्वच्छ आलं' म्हणत राहिले. हे फक्त सुनेला माहीत होतं, कारण कात्री तिची होती.

"माझा शिलाई मशीनचा डबा आण," त्या म्हणाल्या.

डब्यात मशीनचं दोरा ताणायचं जुनं बटण होतं, स्प्रिंगसकट. खऱ्या स्क्रूवर त्यांनी पत्र्याचा तुकडा काळा रंगवून बसवला आणि त्याच्या शेजारी, हाताला सहज लागेल असं, ते बटण पट्टीवर आवळलं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं. पण फिरवलं की 'टिक' असा फार गोड आवाज येई आणि बोटांना अधिकार जाणवे.

शुक्रवारी आणि शनिवारी मिळून सत्तावीस जणांनी ते फिरवलं.

"हे नवीन बसवलंय?" गोविंदरावांनी विचारलं.

"हो बाबा. बारीक ट्यूनिंगसाठी."

गोविंदरावांनी एक डोळा बारीक केला. टिक. मूठ पिळली. गाडी गरजली. त्यांचा चेहरा असा उजळला की सुमंगलाबाईंना स्टुलावरचं ते सहा वर्षांचं पोर दिसलं आणि उगाच भरून आलं.

महारुद्र तर दोन वेळा फिरवून म्हणाले, "आता लय गोड बोलायलीय! पाव फेऱ्याची करामत हाय बघा."

रविवारी मानवतपुढच्या पडीक रानात चौदा गाड्या उभ्या राहिल्या. सुमंगलाबाई महारुद्रांच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, सतरंजीवर. कोळप्याची पातीही त्याच ट्रॉलीत होती. परत जाताना खेप वाचावी म्हणून. झेंडा पडला. काळ्या मातीचा एक लोट उठला, आणि त्यातून सगळ्यांत आधी जे बाहेर पडलं ते अबोलीचं लाल हेल्मेट होतं. पुढे दोघांनी तिला गाठलं. ती तिसरी आली. बक्षीस म्हणून तिला टेबल पंखा मिळाला. महारुद्रांनी पातीवर गोणपाट टाकलं.

सोमवारी ओसरीत सत्काराचा छोटेखानी कार्यक्रम झाला. सत्तावीस जणांना नारळ देण्यात आला. गोविंदरावांनी प्रास्ताविकात सांगितलं की, हे यश कुणा एकाचं नसून सामूहिक पाव फेऱ्याचं आहे. होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी, आपण फिरवला तोच फेरा निर्णायक होता असं नम्रपणे नमूद केलं. फोटोत सत्तावीस जण आणि गाडी आहे. डाव्या कडेला अर्धं लाल हेल्मेट दिसतं.

अबोली तरातरा स्वयंपाकघरात आली. "मोठीआई, मी आता बाहेर जाऊन सांगणार. ते बटण कशालाच जोडलेलं नाही म्हणून."

"खुळी हायेस का?" सुमंगलाबाई आधणात अद्रक ठेचून टाकत म्हणाल्या. "सांगितलंस तर खरा स्क्रू शोधतील."

अबोलीने विचार केला. मग तिने ट्रे उचलला आणि बाहेर चहा नेऊन दिला. गाडीचा पिकअप आजतागायत उत्तम आहे.

ही हकीकत वाचताना काही जाणकार वाचकांना वाटलं असेल की अबोली तिसरी न येता पहिली यायला हवी होती, मामांचं स्थळ जमायला हवं होतं, आणि एकूण लिखाण जरासं घट्ट झालंय, पाव फेरा सैल चाललं असतं. त्यांनी आपल्या सूचना अवश्य कळवाव्यात. प्रत्येक सूचनेची गांभीर्याने दखल घेण्याची व्यवस्था केलेली आहे. सुमंगलाबाईंच्या डब्यात तशी अजून दोन बटणं शिल्लक आहेत.