बबनकाकांची हद्द

आमचे शेजारी बबनकाका बोरीच्या झाडामार्फत भांडतात. धाकटा भाऊ वासुदेव समोर उभा असला तरी त्याच्याकडे न बघता ते झाडाला म्हणतात, "त्याले सांग, वखर इकडं सरकून राह्यला." पलीकडून वासुदेवकाका त्याच झाडाला सांगतात, "त्याले म्हन, डोळे तपासून घे."

वाटणी झाल्यापासून दोघं असंच बोलतात. भांडण धुऱ्याचं, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधाचं. एकानं तो कोरल्याचा संशय आला की दुसरा तिथं बाभूळ लावायचा. त्याला उत्तर म्हणून इकडून निंब यायचा. होता होता धुरा बैलगाडी जाईल एवढा रुंद झाला. त्यात मुंगसं आली, भारद्वाज आले. हिवाळ्यात बोरं पिकली की मात्र निम्मी टोपलीत भरून धुऱ्यावर ठेवायची आणि पलीकडच्यानं मुकाट्यानं उचलून न्यायची. यात कधी चूक झाली नाही.

दर्यापूरच्या आसपास असा दुसरा धुरा मला दाखवा. माणसानं आधी जंगल तोडून शेतं केली, शेतांना बांध घातले, बांधावर झाडं राखली. मग ट्रॅक्टर आला, त्याला वळायला जागा हवी झाली. सोयाबीनच्या आणखी दोन ओळी निघाव्यात म्हणून आम्हीच बांध खाल्ले. काळी जमीन आता परातीसारखी सपाट आहे आणि उन्हाळ्यात गुराला उभं राहायला सावली नाही. याचा दोष पावसावर ढकलता येणार नाही. मी तसं पत्रक काढलं आणि त्यात बबनकाकांना वृक्षमित्र म्हटलं. काकांनी चष्मा लावून ते पूर्ण वाचलं.

"काहून खोटं लिहितं बाबू? मी झाडं नाई लावली. हद्द लावली."

मागच्या वर्षी वासुदेवकाका मुलाकडे अमरावतीला, राजापेठेत राहायला गेले. जमीन मक्त्यानं, म्हणजे भाड्यानं कसायला दिली. मक्तेदाराला धुरा नको होता. वासुदेवकाकांनी निरोप धाडला की धुरा सगळा दादाचा, त्यानं ठेवावा नाही तर काढावा. बबनकाका पेढे वाटतील असं गावाला वाटलं. जेसीबीवाला विचारायला आला, तर काकांनी बोरीकडे बोट दाखवून त्याला "तिले विचार" म्हटलं.

त्यानंतर ते बोरीखाली नुसते उभे दिसायचे. एकदा मला म्हणाले, "तिकडून कोनी बोलतच नाई."

यंदा बोरं पिकली तेव्हा त्यांनी टोपलीऐवजी पिशवी भरली आणि मला सोबत घेऊन बसमध्ये बसले. राजापेठेत ट्यूशन क्लासच्या वरच्या मजल्यावर वासुदेवकाकांनी दार उघडलं. बबनकाका दारातच थबकले. त्यांनी जिन्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. बोलायला झाड कुठेच नव्हतं. शेवटी त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि पिशवीलाच म्हणाले,

"त्याले सांग, अर्धी तुही हाय. धुरा एकट्याचा नसते."

वासुदेवकाकांनी पिशवी उघडली. मग त्यातलं एक बोर उचलून त्यांनी ते डोळ्यांजवळ धरलं.

"त्याले विचार, मोठी मोठी घरी ठेवून आला काय?"

बबनकाकांनी चपला काढल्या आणि ते आत भांडायला बसले.